अत्तरवाल्याचा बेडूक

नदीकाठच्या एका गावात अत्तराचा एक व्यापारी राहत होता. त्याचे नाव धोंडशेट गंधे. नाव दगडाचे असले तरी माणूस लोण्यासारखा होता. वाळा, केवडा, मोगरा, गुलाब यांची अत्तरे तो स्वतः काढी. पुढच्या सोप्यात दुकान, मागच्या अंगणात भट्टी आणि मधे राहते घर. त्या घराच्या भिंतींनासुद्धा सुवास येई.

धोंडशेटला एक सवय होती. दुकानासमोरून जो कोणी जाईल त्याचा हात तो धरायचा आणि मनगटावर अत्तराचा फाया ओढायचा. माणूस ओळखीचा असो, परका असो, घाईत असो. "असू द्या हो, दिवस चांगला जाईल," असे म्हणायचा. लोक हसून हात पुढे करायचे. काही जण मागच्या बोळातून जायचे. पण बोळातून कोण जाते हे दुकानात बसलेल्याला कसे दिसणार?

त्याची बायको सगुणाबाई. दोघांना एकच मुलगी, चिमा. लग्न होऊन ती लांबच्या गावी गेली होती. त्या बाजूला जाणारी गाडी दिसली की शेट तिच्यासाठी अत्तराच्या कुप्या धाडी. आता चिमाला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ही रीत. शेटने आनंदाने निरोप पाठवला, "लवकर ये." उलट निरोप आला, "सासूबाईंचे गुडघे दुखतात, घर सोडता येत नाही." शेटने पुन्हा निरोप पाठवला. पुन्हा गुडघेच आडवे आले. शेट मनातून खट्टू झाला.

तो उन्हाळा फार कडक होता. एके सकाळी सगुणाबाई न्हाणीघरात पाणी काढायला गेल्या, तर हंड्यामागच्या ओल्या भिंतीला एक बेडूक चिकटून बसलेला. मातकट पिवळा रंग, पाठीवर गडद ठिपके, डोळे सोन्याचे. बोटांच्या टोकांना टिकल्यांसारख्या गोल गाद्या. झाडांवर, भिंतींवर चढणारा बेडूक होता तो. सगुणाबाईंनी केरसुणी उचलली.

"अगं, थांब!" शेट धावत आला. "पाहुणा आहे तो. उन्हानं पोळून सावलीला आलाय बिचारा."

"पाहुणा कसला? बेडूक आहे! अंगावर उडेल."

शेटने त्याला ओंजळीत उचलले. बेडूक गार होता, ओलसर होता आणि त्याचे अंग भराभर धडधडत होते. लेक सासरी गेल्यापासून शेटच्या हातांना असे कोणी जवळ घ्यायला मिळाले नव्हते. त्याचे मन एकदम भरून आले. त्याने गुलाबाच्या पाकळ्या साठवायची मोठी काचेची बरणी रिकामी केली आणि बेडकाला तिच्यात ठेवले. तोंडाला पातळ फडके बांधले. नावही ठेवले. पाहुणा म्हणून आला होता, तर नाव पाहुणाच.

पहिल्या दिवशी शेटने त्याला दूधभात दिला. पाहुण्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मग शेटने केळे कुस्करून दिले. त्याला मुंग्या लागल्या. शेट काळजीत पडला. पण संध्याकाळी दिवा लावून त्याने फडके सोडले तेव्हा एक पतंग बरणीत शिरला आणि काचेवरून चढू लागला. पाहुणा तोवर दगडासारखा बसला होता. तो हळूच वळला. जीभ बाहेर आली कधी आणि आत गेली कधी ते कळलेच नाही. पतंग नाहीसा झाला. गिळताना त्याने दोन्ही डोळे मिटून आत ओढून घेतले, जणू डोळ्यांनीच घास खाली ढकलत होता.

"अगं, जे हलत नाही ते याच्या लेखी अन्नच नाही!" शेट ओरडला.

त्या दिवसापासून दिवेलागणीला धोंडशेट फुलपात्र उपडे धरून पतंग आणि रातकिडे पकडत अंगणभर धावू लागला. त्याचे पोट सुटलेले, धोतर अडखळणारे. शेजारच्या बायका कुंपणावरून बघून पदरात हसायच्या. शेटला त्याचे काही वाटत नसे.

एकदा सकाळी त्याने सगुणाबाईंना मोठ्याने हाक मारली. पाहुणा अंग पिळत होता, तोंड उघडमीट करत होता. शेटला वाटले, झाले, गेला हा. मग दिसले की त्याच्या अंगावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटते आहे. सदरा काढावा तशी तो ती पायांनी डोक्याकडे ओढत होता आणि तोंडात घेऊन गिळत होता. थोड्या वेळाने सगळे संपले. नवी कातडी ओली चमकत होती.

आता शेटचे प्रेम वाढतच गेले. साधे पाणी पाहुण्याला कसे द्यायचे, म्हणून त्याने त्याच्या वाटीत गुलाबजल भरले. दर थोड्या वेळाने तो त्याला बाहेर काढी, तळहातावर बसवी आणि पाठीवरून बोट फिरवी. गिऱ्हाईक आले की आधी त्याच्या मनगटावर फाया ओढी, मग त्याच हाताने पाहुण्याला उचलून दाखवी. गावात बातमी पसरली. लोक अत्तर राहू दे, बेडूक बघायला येऊ लागले.

हळूहळू पाहुण्याचा रंग काळवंडला. पोटाची कातडी लालसर दिसू लागली. समोर पतंग फडफडला तरी तो हलेना. दिवसभर तो बरणीच्या अगदी वर, फडक्याला चिकटून बसे. वाटीपासून जितके दूर जाता येईल तितका दूर.

"बघ," शेट म्हणे, "माझ्याकडे यायला कसा धडपडतोय." आणि त्याला बाहेर काढून छातीशी धरी.

पण पाहुण्याचे मागचे पाय लुळे पडून लोंबू लागले, तेव्हा शेट घाबरला. त्याने त्रिंबक वैद्यांना बोलावले. वैद्य म्हातारे होते, समजूतदार होते. ते बरणीसमोर मांडी घालून बसले.

"शेट, मी माणसांच्या नाड्या बघतो," ते म्हणाले. "बेडकाची नाडी कुठं असते तेही मला ठाऊक नाही. मला माहीत आहे असं सोंग करून औषध देणार नाही. पण आजारी कुणीही असो, मी आधी एकच विचारतो. हा खातो काय आणि पितो काय?"

"खातो पतंग, रातकिडे. आणि पितो..." शेट अडखळला. इतके दिवस पाहुण्याकडे टक लावून बसणाऱ्या शेटने त्याला पाणी पिताना एकदाही पाहिले नव्हते.

"मीही नाही पाहिलं," सगुणाबाई म्हणाल्या. "पण काल एक दिसलं. बरणी घासायला काढली तेव्हा याला विहिरीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर ठेवलं होतं. तर हा पोट टेकून असा पसरला, जशी पावसात कोरडी मातीच. उठायलाच तयार नव्हता. उठला तेव्हा जरा भरल्यासारखा दिसत होता."

वैद्य विचारात पडले. "म्हणजे हा तोंडानं पीतच नाही. कातडीनं पितो. माझे गुरुजी म्हणायचे, बेडूक अर्धा श्वाससुद्धा कातडीनंच घेतो. मी तेव्हा हसलो होतो." त्यांनी वाटी उचलून वास घेतला. "हे काय आहे?"

"गुलाबजल. उत्तमातलं."

"मग इतके दिवस यानं गुलाबजल प्यायलंय." वैद्यांचा आवाज मऊ झाला. "आणि शेट, तुमच्या हातांना काय लागलेलं असतं?"

शेटने आपले हात समोर धरले. जन्मभर त्याच हातांनी त्याने फुले चुरली होती, अत्तरे गाळली होती, फाये ओढले होते. आजवर त्या हातांचे सगळ्यांनी कौतुकच केले होते.

"म्हणजे मी याला रोज माझ्या हातानं..." शेट मोरीकडे धावला.

त्याने हात धुतले. रिठ्याने धुतले, राखेने घासले, लिंबाने चोळले. वास गेला नाही. वैद्य म्हणाले, "रिठा, राख, लिंबू तर याला आणखी जाळतील. आपल्या कातडीला झोंबतं तिथं याची काय गत? नुसत्या पाण्यानं जे जाईल तेवढंच घालवा. नाही गेलं, तर हात लावू नका. दुसरा उपाय मला दिसत नाही."

हात लावू नका! शेटला वाटले, याहून कडू काढा वैद्यांनी आजवर कोणाला दिला नसेल.

सगुणाबाईंनी दुकानापासून दूर, माजघराच्या मागच्या सावलीत एक लाकडी खोका ठेवला. वर जाळीचे कापड, आत ओले शेवाळ, चढायला फांदी, लपायला फुटक्या मडक्याचा तुकडा. विहिरीचे साधे पाणी एका पसरट परळात, तेही रोज बदललेले. कडेला दगड, म्हणजे पाण्यात गेला तर सहज वर येता येईल. पाहुण्याला त्यांनी स्वतः हलवले, हात आधी साध्या पाण्याने धुऊन आणि ओलेच ठेवून. मग जाळी लावली. शेट हातभर अंतरावर बसला. हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून त्याने ते मांडीखाली दाबून धरले होते.

पाहुणा परळात उतरला आणि पोट पाण्याला लावून पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. शेटने जेवण टाकले नाही, पण घास गोडही लागत नव्हता. मग एका संध्याकाळी खोक्यात सोडलेला रातकिडा दिसेनासा झाला. शेवाळात शोधला, मडक्याखाली शोधला, नव्हता. शेटने सगुणाबाईंकडे पाहिले. सगुणाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि "मला काही झालं नाही, धूर गेला डोळ्यांत," असे म्हणाल्या. चूल तर अजून पेटायची होती.

पाहुणा बरा होत गेला, तसे शेटला एक नवल वाटू लागले. हातात धरत होता तेव्हा त्याला पाहुण्याविषयी जेवढे कळले होते, त्याहून कितीतरी जास्त आता दुरून बसून कळत होते. दिवसा पाहुणा फांदीच्या रंगाचा होऊन पाय पोटाखाली घेऊन झोपतो. संध्याकाळी त्याचा रंग उजळतो. घशाखालची कातडी सारखी हलते ती भीतीने नाही, श्वासाने. आणि भीती वाटते तेव्हा तो पळत नाही, अंग चोरून अगदी स्तब्ध होतो. शेटला आठवले, तळहातावर तो नेहमी असाच स्तब्ध बसायचा. आणि शेट लोकांना सांगायचा, "बघा, कसा लाडात आलाय."

अशात एक दिवस संस्थानच्या राणीसाहेबांचा कारभारी आला. राजवाड्यातले सगळे अत्तर धोंडशेटच पुरवत असे. शेटची भट्टी पेटती राहायची ती मुख्यतः राजवाड्याच्या जोरावर. कारभारी म्हणाला, "राणीसाहेबांनी तुमच्या बेडकाची कीर्ती ऐकलीय. उद्या स्वतः येताहेत. त्यांना तो हातावर घेऊन बघायचाय."

शेटने मान हलवली. "येऊ देत, बघू देत. पण हातावर नको. नुकताच मरणाच्या दारातून परत आलाय तो."

कारभारी हसला. जवळ सरकून म्हणाला, "शेट, एवढं का मनावर घेता? ओढ्यातून दुसरा एखादा धरून आणा. तो ठेवा त्यांच्या हातावर. राणीसाहेबांना काय कळणार कोणता बेडूक कोणाचा? तुमचा राहील सुखरूप."

शेट विचार करू लागला. खरे सांगायचे तर वाट सोपी होती. राणीसाहेब खूश, राजवाडा हातचा जात नाही, पाहुण्याला धक्का नाही. तो उठून खोक्यापाशी गेला. पाहुणा झोपला होता. शेट बराच वेळ तिथे उभा राहिला. मग बाहेर येऊन म्हणाला, "नाही जमायचं, कारभारी. ओढ्यातल्यालाही कातडी आहेच ना."

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब आल्या. तरुण होत्या, हौशी होत्या, मनाने वाईट मुळीच नव्हत्या. हातांना चंदनाची उटी, बोटांत अंगठ्या. खोक्यात डोकावून त्या आनंदाने म्हणाल्या, "काय गोड डोळे आहेत! काढा बरं बाहेर."

शेटने हात जोडले. "राणीसाहेब, हवा तितका वेळ बघा. पण हातावर मागू नका."

"का? आमच्या हातावर राजहंस दाणे टिपतात, हरणाची पाडसं निजतात."

"हंसाला पिसं आहेत, पाडसाला केस आहेत. याला नुसती उघडी कातडी आहे. आपल्या हातावरचं चंदन हा पिऊन टाकील. आपल्यासाठी ते चंदन, याच्यासाठी विष. मीच याला असा मारत आणला होता, म्हणून ठाऊक आहे."

"आमच्या हाताला तुम्ही विष म्हणता?" राणीसाहेबांचा चेहरा उतरला. भोवती माणसे उभी होती. "शेट, आम्ही मागतोय, आणि तुम्ही नाही म्हणताय?"

शेटने पुन्हा हात जोडले. "माझं जे आहे ते मागा, राणीसाहेब, देईन. याची कातडी माझी नाही."

राणीसाहेब तशाच मागे फिरल्या.

श्रावण आला. दर वर्षी सणांच्या आधी राजवाड्याचे बोलावणे यायचे. या वर्षी ते दुसऱ्या गावच्या अत्तरवाल्याला गेले. शेटने भट्टीतली मोठी भांडी पालथी घालून ठेवली. छोट्या भांड्यावर काम सुरू ठेवले. घरात दोघांपुरते होते, पण पूर्वीचा थाट राहिला नाही.

"पस्तावलात का हो?" सगुणाबाईंनी विचारले.

"थोडा," शेट म्हणाला. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. "पण पुन्हा आल्या तरी पुन्हा तेच सांगेन."

आता गिऱ्हाईक कमी, म्हणून बसायला वेळ पुष्कळ. शेट पाहुण्यासमोर बसे आणि विचार करी. एक दिवस त्याने अचानक विचारले, "अगं, मागच्या दिवाळीला चिमा आली होती, तेव्हा सारखी पदर नाकाला लावून का बसायची?"

सगुणाबाई धान्य निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मला वाटलं, परत जायचं म्हणून रडू येतंय," शेट म्हणाला.

"तिचं डोकं उठतं अत्तरानं," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "लहानपणापासून. तुम्ही मनगटाला फाया लावायचात आणि ती मोरीत जाऊन धुऊन यायची. आता तर दिवस गेलेत. नुसत्या वासानं पोटातलं ढवळून येत असेल."

"म्हणजे सासूबाईंचे गुडघे..."

"बरे आहेत गुडघे."

शेटने आपल्या तळहातांकडे पाहिले. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते शेटला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी शेटने दुकान बंद ठेवले. भट्टीला हात लावला नाही. नदीवर जाऊन अंग घासघासून आंघोळ केली, नुसत्या पाण्यात धुतलेले, उन्हात वाळवलेले कपडे घातले आणि गाडी जुंपून लेकीच्या गावी गेला. या वेळी बरोबर एकही कुपी नव्हती. चिमाच्या अंगणात तो तुळशीपाशीच उभा राहिला, ओसरी चढला नाही.

चिमा बाहेर आली. बापाला तसे दूर उभे पाहून घाबरली. "अप्पा, काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. चिमा, मी तुला एक विचारायला आलोय. आधीच विचारायला हवं होतं." शेटने तिच्याकडे वर पाहिले. "तुला काय हवंय, बाळा?"

चिमा बघतच राहिली. मग तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. "मला घरी यायचंय, अप्पा. किती दिवस यायचंय. पण त्या घरातली हवा मला सोसत नाही. तुम्ही एवढ्या प्रेमानं कुप्या पाठवता, तर सांगू कशी? मी त्या गोठ्यामागं पुरून ठेवते."

शेट आधी रडला आणि मग, काय करावे, त्याला हसूही आले. "तरीच तुमच्या गोठ्याला मोगऱ्याचा वास येतोय," तो म्हणाला. बाप आणि लेक दोघेही डोळे पुसत हसले.

परत आल्यावर शेटने दुकान आणि भट्टी दोन्ही नदीपलीकडच्या शेतात हलवली. घराच्या भिंती खरवडून पुन्हा सारवल्या. दारे-खिडक्या उघड्या टाकल्या. रोज शेतावरून येताना तो नदीत बुडी मारून, कपडे बदलून घरात येई. हळूहळू घराला घराचा वास येऊ लागला. शेणाचा, भाकरीचा, ओल्या मातीचा. मग चिमा माहेरी आली.

पावसाळ्याचे ते दिवस होते. संध्याकाळ झाली की पाहुणा खोक्यातून आवाज देऊ लागला, टक टक टक, कोणी लाकडावर बोट वाजवावे तसा. विहिरीकडून तसाच आवाज परत येई. पाहुणा जाळीला चिकटून ऐकत राही. शेटला आता त्याची धडपड कोणाकडे आहे हे समजत होते. एका संध्याकाळी त्याने सगुणाबाईंना बोलावले, चिमालाही बोलावले आणि जाळी काढून बाजूला ठेवली. पाहुणा खोक्याच्या काठावर आला. थोडा थांबला. मग भिंतीवर उडी, भिंतीवरून कर्दळीच्या पानावर आणि तिथून अंधुक उजेडात दिसेनासा झाला.

"अप्पा, वाईट वाटतंय?" चिमाने विचारले.

"वाटतंय तर," शेट म्हणाला. काही दिवसांनी विहिरीच्या काठावर, पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला. त्यात बेडकांची अंडी असतात, असे वैद्य म्हणाले. ती पाहुण्याची होती की आणखी कोणाची, कोण सांगणार? शेटने मात्र पाणी भरणाऱ्या सगळ्यांना बजावले की बादली त्या बाजूने सोडू नका.

आश्विनात चिमाला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत सगुणाबाईंची लगबग सुरू होती. धोंडशेट उंबऱ्याबाहेर उभा होता. शेजारणी म्हणाल्या, "अहो शेट, आत या की. आजोबा ना तुम्ही?"

शेट उंबऱ्यावर आला. नात दुपट्यात गुंडाळून आईजवळ निजली होती. मूठ उघडत होती, मिटत होती. शेटने आपले हात पाठीमागे धरून ठेवले होते.

"चिमा," त्याने विचारले, "घेऊ का हिला?"

चिमा बापाकडे बघत राहिली. जन्मभर न विचारता मनगट धरणारा तो माणूस आज तिच्या उत्तराची वाट बघत होता. ती म्हणाली, "आत्ताच झोपलीय, अप्पा. जागी झाली की घ्या."

"बरं," शेट म्हणाला. आणि तो उंबऱ्याशी मांडी घालून बसला, नात जागी व्हायची वाट बघत.

तात्पर्य: ज्याच्यावर माया करायची त्याचा जीव कसा घडलेला आहे, हे आधी जाणून घ्यावे. त्याला काय सोसते, काय हवे, हे विचारल्यावाचून दिलेले अमृतही त्याला विष होऊ शकते. आणि कधी कधी आपला हात आवरून धरणे हीच सर्वांत मोठी माया असते.